निसर्गोपचार केंद्रात जाताय? काय मिळेल, काय मिळणार नाही आणि चालू गोळ्यांचं काय करायचं?

समजा, न्यू पनवेलला लागून असलेल्या विचुंब्यात एक काका राहतात. वय ५८. दहा वर्षांपासून मधुमेह, जोडीला रक्तदाब आणि कुरकुरणारे गुडघे. सकाळ-संध्याकाळ मिळून पाच गोळ्या. एके दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ येतो : 'दहा दिवसांत मधुमेह मुळापासून बरा, गोळ्या कायमच्या बंद!' काकांना तो पटतो. मुलीला पटत नाही. घरात वाद सुरू होतो.

हे काका काल्पनिक आहेत, पण वाद घरोघरचा आहे. आयसीएमआरच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. रोजच्या गोळ्यांना कंटाळलेल्या माणसाला 'औषधाविना उपचार' हे शब्द मोहात पाडणार, यात नवल नाही.

पनवेल तालुक्यातच या वादाच्या दोन बाजू दिसतात. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं कॅन्सर संशोधन आणि उपचार केंद्र 'अ‍ॅक्ट्रेक' आहे. नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीच्या 'शांतिवन'मध्ये निसर्गोपचार केंद्र आहे. एकीकडे केमोथेरपी आणि रेडिएशन, दुसरीकडे मातीची पट्टी आणि रसाहार. यातलं कोणतं खरं, हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठल्या दुखण्यासाठी कुठे जायचं आणि तिथून काय अपेक्षा ठेवायची, हा खरा प्रश्न आहे.

निसर्गोपचार म्हणजे नेमकं काय?

शरीराला योग्य आहार, विश्रांती, व्यायाम, पाणी, ऊन आणि हवा मिळाली तर ते स्वतःला बरंच सावरू शकतं, हा निसर्गोपचाराचा पाया. त्यामुळे त्याच्या साधनांत मातीची पट्टी, कटिस्नान, वाफेचं स्नान, मालिश, सूर्यस्नान, उपवास, रसाहार, एनिमा आणि योगासनं येतात. गोळी, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया त्यात नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेकांना निसर्गोपचार आणि आयुर्वेद एकच वाटतात. तसं नाही. आयुर्वेदात औषधं आहेत : काढे, भस्मं, आसवं, गुटिका. निसर्गोपचार तत्त्वतःच बिनऔषधाचा आहे. शिवाय आज आपण जो निसर्गोपचार पाहतो, त्यातला मोठा भाग एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातून आला. कटिस्नान लोकप्रिय केलं ते जर्मनीतल्या लुई कुने यांनी. महात्मा गांधींनी कुने आणि अ‍ॅडॉल्फ जुस्ट यांची पुस्तकं वाचली, स्वतःवर आणि घरच्यांवर प्रयोग केले आणि पुढे हा विचार भारतात रुजवला.

या फरकातून एक साधी कसोटी हाती लागते. 'निसर्गोपचार' अशी पाटी लावून कोणी बिननावाची पूड, गोळ्या किंवा 'खास फॉर्म्युला' विकत असेल, तर तो निसर्गोपचार नाही. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा जड धातू सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

महाराष्ट्राशी याचं नातं काय?

नातं जुनं आणि घट्ट आहे. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. १९४४ नंतर गांधीजी तिथे अनेकदा राहिले. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी ऑल इंडिया नेचर क्युअर फाउंडेशन ट्रस्ट स्थापन झाला आणि गांधीजी त्याचे अध्यक्ष झाले. म्हणूनच १८ नोव्हेंबर हा आता निसर्गोपचार दिन म्हणून साजरा होतो. पुण्यातल्या त्याच जागेत, 'बापू भवन'मध्ये, पुढे केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये या संस्थेच्या 'निसर्ग ग्राम' या नव्या संकुलाचं उद्‌घाटन झालं.

गांधीजींना मात्र शहरातलं केंद्र पुरेसं वाटलं नाही. गोरगरिबांपर्यंत पोचायचं तर खेड्यात जायला हवं, असं त्यांचं मत झालं. मार्च १९४६ मध्ये ते पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गेले, तिथे रुग्ण तपासले आणि आश्रमाचं काम मणिभाई देसाई या तरुण सहकाऱ्याच्या हाती सोपवलं. मणिभाईंनी उरलेलं आयुष्य तिथेच घालवलं. १९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' ही ग्रामविकासाचं काम करणारी संस्था उभारली आणि १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उरुळी कांचनचा आश्रम आजही सुरू आहे.

या इतिहासात एक प्रसंग असाही आहे, जो अशा व्हिडिओंमध्ये कधी दिसत नाही. १९२४ च्या जानेवारीत गांधीजी येरवडा तुरुंगात होते. पोटात तीव्र दुखू लागलं. निदान झालं अपेंडिसायटिसचं. १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मधेच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. निसर्गोपचारावर गाढ श्रद्धा असलेल्या माणसाने शस्त्रक्रियेला संमती दिली आणि त्यानंतर तो आणखी २४ वर्षं जगला. अपेंडिक्स सुजल्यावर मातीची पट्टी नव्हे, सर्जन लागतो. निसर्गोपचाराची मर्यादा समजून घ्यायला याहून बोलकं उदाहरण शोधावं लागत नाही.

केंद्रात आठ-दहा दिवसांत काय होतं?

प्रत्येक केंद्राचं वेळापत्रक वेगळं असतं, पण ढाचा साधारण सारखा. पहाटे उठणं, योगासनं आणि प्राणायाम, पोटावर मातीची पट्टी, मालिश किंवा वाफेचं स्नान, मग रस किंवा फळं. दुपारी साधं जेवण : उकडलेल्या भाज्या, कोशिंबीर, भाकरी, ताक. मीठ, साखर, तेल अगदी कमी किंवा नाहीच. संध्याकाळी चालणं, लवकर जेवण, लवकर झोप. चहा, कॉफी, तंबाखू, दारू बंद. अनेक ठिकाणी मोबाइल वापरण्यावरही बंधन.

पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, अशक्तपणा जाणवतो. चहा-कॉफीची सवय अचानक तुटल्यावर डोकं दुखणं हा ठाऊक असलेला प्रकार आहे. पण त्याच वेळी 'शरीरातली विषं बाहेर पडतायत' असं सांगितलं जातं, तेव्हा सावध व्हावं. शरीरातली नको असलेली द्रव्यं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंड रोजच करत असतात. रस प्यायल्याने किंवा घाम काढल्याने त्यांच्या कामात विशेष भर पडते, असा भक्कम पुरावा नाही.

मग वजन आणि साखर उतरते, ते खोटं का?

खोटं नाही. वजन उतरतं आणि अनेकांची साखरही उतरते. ते का, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

पहिल्या आठवड्यात उतरलेल्या वजनात मोठा वाटा पाण्याचा असतो. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवतं आणि त्यासोबत बरंच पाणीही धरून ठेवतं. खाणं कमी झालं की हा साठा वापरला जातो आणि पाणी बाहेर पडतं. मीठ कमी केलं तर आणखी थोडं. घरी परतून नेहमीचं जेवण सुरू केलं की यातलं बरंच वजन पुन्हा येतं. चरबी कमी व्हायला महिने लागतात.

साखरेचंही तसंच. खाणं निम्म्यावर आलं, गोड आणि तळलेलं बंद झालं, रोज चालणं सुरू झालं, झोप सुधारली, तर साखर उतरणारच. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या मोठ्या चाचणीने हेच शिस्तीत तपासलं. ३०६ मधुमेही त्यात होते. त्यातल्या निम्म्यांना काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा आहार दिला, मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणलं. वर्षाअखेर या गटातले ४६ टक्के लोक औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होतं. ज्यांनी १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात ते ८६ टक्क्यांवर गेलं.

म्हणजे काकांचा व्हिडिओ बरोबर? नाही. आकड्यांमागच्या अटी पाहा. या चाचणीत मधुमेह होऊन सहा वर्षांहून जास्त काळ झालेले लोक नव्हते. इन्शुलिन घेणारे नव्हते. गोळ्या थांबवल्या त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या पद्धतीने. आणि दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले, कारण वजन परत वाढू लागलं. शास्त्रज्ञांनी वापरलेला शब्द 'बरा झाला' असा नाही, 'रेमिशन' असा आहे. म्हणजे आजार मागे सरकला. पोट पुन्हा सुटलं की तो परत येऊ शकतो.

काकांचा मधुमेह दहा वर्षांचा आहे. त्यांची साखर सुधारू शकते, एखादी गोळी कमीही होऊ शकते. पण दहा दिवसांत 'मुळापासून' काहीच होत नाही.

मग गोळ्या बंद करायच्या का?

केंद्रात जाणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. यात धोका दोन्ही बाजूंनी आहे.

पहिला धोका, गोळ्या तशाच चालू ठेवण्याचा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लायक्लाझाइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्या माणसाने अचानक उपवास धरला, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, भोवळ ही त्याची लक्षणं. ज्या गोळ्यांचं नाव 'फ्लोझिन'ने संपतं, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, त्या घेताना कडक उपवास केला तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो आणि तेव्हा साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळीसोबत बिनमिठाचा आहार आणि वाफेचं स्नान झालं, तर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो.

दुसरा धोका, सगळ्या गोळ्या एकदम सोडण्याचा. टाइप १ मधुमेहात शरीर इन्शुलिन जवळपास बनवतच नाही. ते बंद केलं तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक थांबवल्या तर दाब उसळी घेतो. स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणारी गोळी सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. फिटची गोळी चुकली तर फिट येऊ शकते. थायरॉइडची गोळी तर शरीरात कमी पडणाऱ्या हार्मोनचीच भरपाई असते. तिला पर्याय म्हणून कोणता रस नाही.

म्हणून उत्तर 'बंद करा' किंवा 'चालू ठेवा' असं एका ओळीत देता येत नाही. ज्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, त्यांना जाण्याआधी भेटायचं. किती दिवस, कोणता आहार, उपवास आहे का, हे सांगायचं. कोणती गोळी कमी करायची, कोणती अजिबात सोडायची नाही आणि साखर किती खाली गेली की फोन करायचा, हे लिहून घ्यायचं. आठ-दहा दिवसांच्या मुक्कामाआधीची ही पंधरा मिनिटांची भेट पुढचा बराच धोका टाळते.

कोणत्या आजारात काय अपेक्षा ठेवावी?

- वजन, मधुमेहाचा उंबरठा, टाइप २ मधुमेह, रक्तदाब : फायद्याची शक्यता चांगली. पण फायदा आहार, चालणं, झोप आणि व्यसनमुक्तीचा आहे. केंद्र फक्त सुरुवात करून देतं. मुक्काम संपल्यावर सवयी टिकल्या तरच फायदा टिकतो.

- गुडघेदुखी, संधिवात : वजन कमी झालं की गुडघ्यावरचा भार हलका होतो. पाण्यातल्या व्यायामाने गुडघ्याच्या आणि खुब्याच्या दुखण्यात थोडा आणि थोड्या काळापुरता आराम मिळतो, असं कोक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात दिसलं. झिजलेली कूर्चा मात्र मातीने भरून येत नाही. सूज आणणाऱ्या आमवातात सांधे वाचवणारी औषधं वेळेत सुरू होणं गरजेचं असतं.

- बद्धकोष्ठता, अपचन, ताण, झोपेच्या तक्रारी : आहारात चोथा, पुरेसं पाणी, चालणं, ठरलेली झोपेची वेळ यांनी बऱ्याच लोकांना आराम पडतो. शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन घटणं अशी लक्षणं असतील तर आधी तपासणी, मग केंद्र.

- क्षयरोग, न्यूमोनिया, डेंग्यू, हिवताप आणि इतर संसर्ग : निसर्गोपचार हा उपचार नाही. क्षयाची औषधं मधेच सोडली तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि घरच्यांनाही धोका होतो.

- छातीत दुखणं, अर्धांगवायूची लक्षणं, तीव्र पोटदुखी, श्वास लागणं : थेट रुग्णालय. इथे तास नाही, मिनिटं मोजायची असतात.

आणि कॅन्सर?

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू आणि राजकारणी नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीने चौथ्या टप्प्यातल्या कॅन्सरवर मात केल्याचं सांगताना आहाराला मोठं श्रेय दिलं. साखर आणि दुग्धजन्य पदार्थ बंद, हळद, कडुनिंब, लिंबूपाणी. व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. दोनच दिवसांत मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी एकत्र निवेदन काढलं. या पदार्थांनी कॅन्सर बरा होतो याचा दर्जेदार पुरावा नाही, उपचार लांबवू नका, असं त्यात म्हटलं होतं. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी त्या रुग्णालाही मिळाली होती, याकडेही त्यांनी लक्ष वेधलं. नंतर सिद्धू यांनीही आहार हा डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचाराला दिलेली जोड होता, असा खुलासा केला.

उशिराची किंमत किती असते? अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कॅन्सर पसरलेला नसतानाही फक्त पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांची तुलना प्रचलित उपचार घेणाऱ्या तशाच रुग्णांशी केली. पर्यायी उपचारांवर विसंबलेल्यांत मृत्यूचा धोका अडीचपट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाचपटीहून अधिक होता. स्तनाचा कॅन्सर लवकर सापडला आणि लवकर उपचार मिळाला तर चांगला बरा होऊ शकतो. इथे हातातून जातो तो वेळ.

म्हणजे कॅन्सर रुग्णाने योग, हलका व्यायाम, मालिश करूच नये असं नाही. थकवा, चिंता, झोप यांत त्यांची मदत होऊ शकते. पण ती मूळ उपचाराची जोड म्हणून आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून. विचुंब्याहून खारघर काही दूर नाही. शंका असेल तर पहिली फेरी तिकडे मारावी.

'नैसर्गिक आहे, त्याने काय होणार?'

दुधीचा रस अनेक घरांत 'साइड इफेक्ट नसलेला' म्हणून प्यायला जातो. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा कडू रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने असे प्रकार तपासले. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या, दुसऱ्या रसात मिसळू नका, आणि पिऊन उलट्या किंवा अस्वस्थता सुरू झाली तर लगेच रुग्णालयात जा, हा त्यातून निघालेला सल्ला.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी नारळपाणी आणि फळांचे रस घातक ठरू शकतात, कारण त्यातलं पोटॅशियम शरीराबाहेर पडत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पालक-बिटाचे रस दिवसेंदिवस भरमसाट पिणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना ऑक्झलेटमुळे इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वॉरफॅरिन घेणाऱ्याने एकाएकी पालेभाज्या वाढवल्या तर औषधाचा परिणाम कमी होतो. वारंवार एनिमा घेतल्याने क्षारांचा तोल जातो. गरोदर स्त्रिया, हृदयरोगी, खूप वयस्कर आणि अशक्त माणसं यांच्यासाठी कडक उपवास आणि वाफेचं स्नान हे आपापल्या डॉक्टरांशी बोलूनच.

सगळ्यात घातक वाक्य मात्र वेगळंच आहे : 'त्रास वाढतोय म्हणजे रोग बाहेर पडतोय.' एकदा हे मान्य केलं की कुठलंच लक्षण धोक्याचं उरत नाही. ताप आला, उलट्या झाल्या, भोवळ आली, सगळ्याला एकच उत्तर. त्रास वाढला तर तपासणी करायची. तपासायला कोणी तयार नसेल तर तिथून निघायचं.

समोरचे 'डॉक्टर' नेमके कोण?

निसर्गोपचार आणि योगाची बीएनवायएस ही पदवी साडेपाच वर्षांची आहे, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. शरीररचना, शरीरक्रिया, रोगनिदान हे विषय त्यात असतात. दुसरीकडे काही महिन्यांचे किंवा घरबसल्या होणारे पदविका अभ्यासक्रमही आहेत. पाटीवर दोघांच्याही नावाआधी 'डॉ.' दिसू शकतं.

अडचण कायद्यातही आहे. भारतीय वैद्यक पद्धतींसाठी २०२० मध्ये जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा आहेत. योग आणि निसर्गोपचार त्यातून वगळले गेले. कर्नाटक, तामिळनाडूसारख्या राज्यांनी आपापल्या पातळीवर नोंदणीची सोय केली. महाराष्ट्रात आधुनिक वैद्यकासाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आयुर्वेद-युनानीसाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन आणि होमिओपॅथीसाठी वेगळी परिषद आहे. या तिन्हींच्या कामात निसर्गोपचार येत नाही. त्यामुळे रुग्णाला पदवी आणि नोंदणी स्वतः विचारावी लागते. विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा 'पूनम वर्मा' निकाल इथे आठवावा. मुंबईतल्या एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला आधुनिक औषधं दिली, रुग्ण दगावला. ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्या शास्त्रात उपचार करणं हा निष्काळजीपणा आहे, असं न्यायालयाने ठरवलं आणि पत्नीला तीन लाख रुपये भरपाई दिली. धागा सरळ आहे : इन्शुलिनचा डोस बदलायला इन्शुलिनचं शिक्षण लागतं.

जाहिरातींसाठीही कायदा आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याच्या यादीत मधुमेह आणि कॅन्सर दोन्ही आहेत. हे आजार बरे करण्याचा दावा करून एखादी पूड किंवा काढा विकण्याची जाहिरात करणं हा गुन्हा आहे. 'मुळापासून बरा' ही ओळ पुढच्या ग्रुपवर ढकलण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं.

विमा मिळतो का?

विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवायला कंपन्यांना सांगितलं. 'आयुष'मध्ये निसर्गोपचार येतो. पण आरोग्य विम्याच्या मानक अपवादांच्या यादीत तेराव्या क्रमांकाला हेल्थ हायड्रो, नेचर क्युअर क्लिनिक, स्पा आणि तत्सम ठिकाणचे उपचार आहेत. म्हणजे एक हात देतो, दुसरा काढून घेतो. म्हणून पैसे भरण्याआधी विमा कंपनीला केंद्राचं नाव देऊन लेखी विचारा. तोंडी 'हो'वर विसंबू नका.

जाण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. तपासणार कोण? पदवी कोणती, नोंदणी कुठे?

२. माझ्या चालू औषधांची यादी तुम्ही पाहणार का, आणि माझ्या डॉक्टरांशी बोलणार का?

३. साखर आणि रक्तदाब दिवसातून किती वेळा मोजणार? नोंद मला मिळणार का?

४. रात्री दोन वाजता त्रास झाला तर कोण पाहणार, जवळचं रुग्णालय कोणतं?

५. एकूण खर्च किती, मधेच निघावं लागलं तर किती पैसे परत?

६. घरी गेल्यावर काय खायचं, किती चालायचं, हे लिहून देणार का?

पहिल्या चार प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर ते केंद्र आपल्यासाठी नाही. सहाव्याला मिळालं नाही, तर मुक्काम म्हणजे नुसती सुट्टी.

मग काकांनी काय करावं?

जायला हरकत नाही, पण आधी डॉक्टरांची भेट, गोळ्यांची लेखी यादी, मूत्रपिंडाची आणि एचबीए१सी ही तपासणी. एचबीए१सीतून मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. दहा दिवसांनी केंद्रातून निघताना मोजलेली साखर चांगली येणारच. तिथे भजी नव्हती, लग्नाचं जेवण नव्हतं आणि रात्री अकराचं टीव्हीसमोरचं ताटही नव्हतं. ती साखर केंद्राच्या शिस्तीची होती.

निसर्गोपचाराचा निकाल लागतो तो तीन महिन्यांनी, घरात. विचुंब्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात मीठ-तेल कमी झालं का, काका रोज पाऊण तास चालतात का, झोप वेळेवर होते का, हे तेव्हा कळतं. हे टिकलं असेल तर एचबीए१सी खाली येईल आणि पाचातली एखादी गोळी डॉक्टर स्वतःच कमी करतील. टिकलं नसेल तर आकडा जिथे होता तिथेच असेल. म्हणून काकांनी केंद्राची तारीख ठरवतानाच तीन महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीखही कॅलेंडरवर लिहून ठेवावी. तोवर गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच चालू राहतील.